अठरा हजार ठरले, हातात सोळा

पत्र थोडक्यात असं: मी २७ वर्षांची, मूळची मोहोळची. बौद्धिक अक्षमता या विषयात डी.एड. स्पेशल एज्युकेशन केलंय, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे. गेली तीन वर्षं पुण्यात एका खासगी केंद्रात ३ ते ६ वर्षांच्या मुलांना शिकवते. वेळ ९ ते ४, सोमवार ते शनिवार. गटात पाच मुलं, मदतीला एक मावशी. प्रत्येक मुलाची फी महिना ९,५००. माझा पगार १८,००० ठरला, पण 'कन्सल्टंट' म्हणून १,८०० टीडीएस आणि २०० व्यवसाय कर कापून १६,००० मिळतात. मे महिन्यात केंद्र बंद, पगारही बंद. कर्वेनगरला दोघींत खोली, माझा वाटा ६,५००. डबा ३,२००, पीएमपी बसचा पास १,५००, फोन ३५०, मुलांच्या साहित्यावर पदरचे ७००, घरी २,०००. सोलापूरच्या एका विशेष शाळेच्या बालवर्गात १३,५०० ची नोकरी मिळतेय, बारा महिने पगार, पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांसह. इथे २५,००० मागू, की परत जाऊ?

मागायचं की जायचं हे ठरवण्याआधी वही काढा. अकरा पगार गुणिले १६,००० म्हणजे वर्षाला १,७६,०००. बाराने भागलं की १४,६६७. तुमच्याच आकड्यांनी महिन्याचा खर्च १४,२५०. उरले ४१७ रुपये. एकदा ताप आला, चष्मा बदलला, दिवाळीत मोहोळची दोन तिकिटं काढली की तेही गेले. तेव्हा सोलापूरच्या साडेतेराशी तुलना अठराची करू नका, साडेचौदाची करा. घरचे 'पुण्यात अठरा मिळतात ना' म्हणत असतील, तर त्यांनाही हाच हिशोब दाखवा.

आता कपाती. आधी ते २०० रुपये. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर शून्य आहे. पुरुष कर्मचाऱ्याला १०,००० च्या वर २०० लागतात, फेब्रुवारीत ३००. पगाराचा तक्ता करणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यांना एकच रकाना ओढतो. शिवाय केंद्राच्या मते तुम्ही कन्सल्टंट असाल, तर व्यवसाय कर तुमच्या पैशातून कापण्याचा त्यांना संबंधच नाही. म्हणजे तुम्हाला काहीही म्हटलं तरी ही कपात चूक. वर्षाचे २,२०० होतात, मागील रकमेसह परत मागा.

१,८०० ची गोष्ट वेगळी. व्यावसायिक शुल्क वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की १० टक्के कापणं केंद्राला बंधनकारक आहे, पण तो पैसा केंद्राचा नाही, तुमच्या पॅनवर जमा झालेला कर आहे. तुमचं तिथलं उत्पन्न १,९८,०००, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे १९,८०० पूर्ण परत मिळायला हवेत. ते आपोआप येत नाहीत, विवरणपत्र भरावं लागतं. आधी प्राप्तिकराच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस उघडा आणि कापलेली प्रत्येक रक्कम तिथे दिसते का पाहा. कापलं पण भरलं नाही, किंवा पॅनचा एक आकडा चुकला, हे दोन्ही नेहमीचे घोटाळे. दुसरी चूक आपल्या बाजूने होते: पगारदारांचा साधा फॉर्म भरला जातो. तुमचं उत्पन्न केंद्राने पगार म्हणून दाखवलेलंच नाही, त्यामुळे तो चालत नाही. पहिल्या वर्षी कर सल्लागाराला पैसे द्या, पुढच्या वर्षी स्वतः भरा. मूळ मुदत हुकली तरी उशिराचं विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. होम सेशनचे पैसे मिळत असतील तर तेही त्यात दाखवायचे.

खरा प्रश्न असा, की तुम्ही कन्सल्टंट आहात का? हजेरीपटावर सही, नऊच्या आत यायचं, रजेला परवानगी, गट कोणता घ्यायचा हे दुसऱ्याने ठरवायचं. याला कोणी सल्लागार म्हणत नाही, ही नोकरी आहे. केंद्राला या शब्दात रस का, तेही पैशातच आहे. तुम्ही कर्मचारी झालात तर पीएफसाठी केंद्राला १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८०० आणि वरचा एक टक्का खर्च भरावा लागतो, ईएसआयसाठी १८,००० वर सव्वातीन टक्के म्हणजे ५८५. महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. तेवढेच तुमचे बुडतात.

पीएफ २० माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, ईएसआय १० ला. माणसं मोजताना फक्त शिक्षिका मोजू नका. मावश्या, गाडीवरचा ड्रायव्हर, रिसेप्शन, सफाई, संस्थेची दुसरी शाखा असेल तर तिथलेही धरा. छोट्या केंद्रात वीस होत नाहीत, पण दहा बहुतेक होतात. तुमच्या वयात मला ईएसआय पीएफपेक्षा मोलाची वाटते. तुमचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये. त्यात तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उपचार येतात, आणि पुढे बाळंतपण आलं तर २६ आठवड्यांची भरपगारी रजा, जिचा पगार केंद्राच्या नव्हे तर महामंडळाच्या खिशातून येतो. मर्यादा २१,००० ची आहे. तेव्हा पगारवाढ मागताना २१,५०० वर तडजोड करू नका. पाचशे रुपयांसाठी अख्खं विमाकवच जातं. एक तर २१,००० वर थांबा, नाहीतर चांगलं पुढे जा.

नेमणुकीचं पत्र तुमच्याकडे आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर ते पगाराइतकंच महत्त्वाचं समजा. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नाही असं ठरवलं. म्हणून काढून टाकलं तर कामगार न्यायालयाचा रस्ता शिक्षकाला सहसा मिळत नाही, हातात फक्त कागद उरतो. ग्रॅच्युइटी मात्र मिळते. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक त्यात आले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. पाच वर्षं भरली की १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ५१,९०० रुपये. तुमची तीन वर्षं झाली आहेत. इथे मे महिन्याची सुट्टी डाव साधते: दर जूनला नवं पत्र देऊन मागची वर्षं पुसली जातात. पत्रात पहिल्या दिवसाची रुजू तारीख लिहून घ्या. मूळ वेतन किती दाखवलंय तेही पाहा. १८,००० चे ७,००० मूळ आणि बाकी भत्ते केले की ग्रॅच्युइटी आणि पीएफ दोन्ही आखडतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रम संहितांनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. हे वाक्य हिशोबनीसासमोर नुसतं उच्चारलं तरी फरक पडतो.

तर पंचवीस मागावेत का? तुमच्या गटाची फी ४७,५००. त्यात तुमचे १८,००० म्हणजे ३८ टक्के. राहिलेल्या साडेएकोणतीस हजारांत मावशी, जागेचं भाडं, वीज, भेटीवर येणारे स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि मालकीणबाई. पंचवीस म्हणजे ५३ टक्के. पाच मुलांच्या गटातून ते निघत नाहीत, आणि हे त्यांना पक्कं माहीत असल्यामुळे बोलणं पहिल्याच वाक्याला संपेल. मग त्या सहावं मूल सुचवतील, 'मुलं वाढली की पगार वाढेल'. तिथे सावध राहा. तीन-साडेतीन वर्षांच्या गटात दोघांचं शौचाचं प्रशिक्षण चालू असतं, एकाला आवाज सहन होत नाही, एक दार उघडं दिसलं की पळतो. एकाचा आक्रोश सुरू झाला की तुम्ही त्याच्याजवळ जमिनीवर, आणि उरलेले मावशीच्या अंगावर. पाचात हे कसंबसं निभतं. सहावं मूल दुसऱ्या मदतनीसाशिवाय घेऊ नका, पगार वाढला तरी नको. कोणी 'कोर्ट तर एका शिक्षकाला दहा मुलं म्हणतं' असं ऐकवलं, तर ते प्रमाण प्राथमिक वर्गातल्या विशेष मुलांसाठीचं आहे, तुमच्या गटाला ते लागत नाही.

एकूणच या वयोगटाचं घोडं इथेच अडतं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ चा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मोफत शिक्षण देतो ते ६ ते १८. मुलाचा मेंदू सगळ्यात वेगाने घडतो ती वर्षं सहाच्या अलीकडची, आणि तिथे सरकारी वेतनश्रेणीची पदं शोधून सापडत नाहीत. तुमचा पगार थेट पालकांच्या खिशातून येतो, आणि तो खिसा आधीच थेरपीने फाटलेला असतो. सरकारी प्राथमिक शिक्षकाची श्रेणी २९,२०० पासून सुरू होते हे खरं, पण तिथेही आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १६,००० वर काढावी लागतात, हे सहसा कोणी सांगत नाही.

म्हणून आकडा नव्हे, पगाराची घडण बदलून मागा. सगळ्यात आधी मे. बारावा पगार म्हणजे नऊ टक्के वाढ, महिन्याला दीड हजार. 'मे महिन्याची फी घेत नाही, पगार कुठून देऊ' हे उत्तर येईल, त्यावर तुमच्याकडे तोड हवी: अकरा महिन्यांची फी १,०४,५०० होते, ती बारा हप्त्यांत घेतली तर महिना ८,७०० च्या जवळ बसते. पालकांना दरमहाचा आकडा कमी दिसतो, मे महिन्यात मूल गळण्याचं प्रमाणही घटतं, आणि पगार निघतो. दुसरं, साहित्य. चित्रकार्डांचं लॅमिनेशन, वेल्क्रो, क्ले, मणी, जाड पेन्सिली यांचे ७०० तुम्ही का भरायचे? महिना ८०० ची मर्यादा ठरवून बिलावर पैसे परत मागा. तिसरं, आयईपी (प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) आणि पालकांचे अहवाल रात्री खोलीवर न लिहिता शनिवारी मुलांविना दोन तास. चौथं, कर्मचारी म्हणून पत्र.

हे सगळं मिळालं तर काय होतं पाहा: १८,००० मधून पीएफ १,८०० आणि ईएसआय १३५ जाऊन हातात १६,०६५, तेही बारा वेळा. खर्चातून साहित्याचे ७०० वजा. महिन्याला २,५०० उरतात, पीएफ खात्यात तुमचे १,८०० आणि केंद्राच्या वाट्यातले ५५० पडतात ते वेगळेच. मूळ पगार एक रुपयाही न वाढता ४१७ वरून तुम्ही इथे आलात.

वेळ साधा. जूनची फी ठरते जानेवारी-फेब्रुवारीत. फी-पत्रक छापून झाल्यावर एप्रिलमध्ये मागितलेली वाढ म्हणजे मालकिणीच्या नफ्यातून मागितलेली वाढ, ती मिळत नाही. तोंडी बोला आणि त्याच संध्याकाळी मेल टाका, साधारण असा:

'मॅडम, आज बोलल्याप्रमाणे पुढील शैक्षणिक वर्षासाठी माझी विनंती अशी: १) कर्मचारी म्हणून नेमणूकपत्र, त्यात तीन वर्षांपूर्वीची मूळ रुजू तारीख. २) बारा महिन्यांचे वेतन; फी बारा हप्त्यांत विभागण्याचा तक्ता सोबत जोडला आहे. ३) आस्थापनेतील संख्येनुसार ईएसआय व पीएफ. ४) साहित्यखर्च महिना ८०० रुपयांपर्यंत बिलावर. ५) व्यवसाय कराची आजवरची कपात परत. आपले उत्तर २८ फेब्रुवारीपर्यंत मिळावे.'

तुमच्या हातातलं हत्यार म्हणजे सीआरआर क्रमांक, म्हणजे तुमचा आरसीआयचा नोंदणी क्रमांक. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने नोंदणीशिवाय हे काम करणं हा गुन्हा आहे, आणि केंद्राच्या माहितीपत्रकावर 'प्रशिक्षित विशेष शिक्षक' हे शब्द तुमच्या जिवावर छापलेत. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख आजच बघून ठेवा. लॅप्स झालेल्या नोंदणीवर कोणी वाटाघाटी करत नाही. मूळ प्रमाणपत्र कुणाकडे ठेवू नका. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर आडवं 'फक्त या नोकरीसाठी' लिहून तारीख घाला. सोडताना राजीनाम्यात एक ओळ हवी: माझा क्रमांक माहितीपत्रकावरून काढावा. गेलेल्या शिक्षिकेच्या क्रमांकावर केंद्र चालण्याचे प्रकार होतात.

होम सेशनबद्दल. पुण्यात तेच खरं वरकड उत्पन्न, पण तिथेही घड्याळ लावा. केंद्रातले ७ तास, रात्रीचा दीड तास लिखाण, दीड तास बस: दिवसाचे दहा तास, महिन्याचे २४० तास, १६,००० भागिले २४०, तासाला ६७ रुपये. समजा होम सेशनचे ५०० घेतलेत. पंचेचाळीस मिनिटं मुलाबरोबर, पंधरा मिनिटं आईशी बोलणं, जाऊन येऊन ऐंशी मिनिटं, म्हणजे दोन तास वीस मिनिटांचे ५००, तासाला २१४. त्याच सोसायटीत दुसरं घर मिळालं की २७० च्या पुढे. म्हणून सिंहगड रोडला एक, बाणेरला एक असं घेऊ नका. एकाच भागात दोन घरं, आठवड्याला तीन संध्याकाळी, बस्स. महिन्याची सेशन आगाऊ पैशांवर. सकाळी आठच्या आत कळवलं तर एकदा बदलून द्यायचं, नाहीतर झालं असं धरायचं. हा नियम नसेल तर सर्दी-खोकला, पाहुणे आणि गणपती यांत तीन-चारांतलं एक बुडतंच. पावतीवर सीआरआर क्रमांक टाका. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी 'निरामय' विमा वर्षाला १ लाखापर्यंतचा आहे आणि त्यात थेरपीसाठी वेगळी मर्यादा असते. दाव्याला पालकांना नीट पावती लागते. जी शिक्षिका ती देते, तिला दुसरं घर शोधावं लागत नाही.

केंद्रातल्याच मुलांना बाहेर शिकवायची बंदी पत्रात असेल तर नोकरीत असेपर्यंत पाळा. 'सोडल्यावर दोन वर्षं पुण्यात कुठे काम करणार नाही' अशी ओळ असेल तर घाबरू नका, करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली ती टिकत नाही.

आता सोलापूर. १३,५०० मधून पीएफ १,६२० आणि ईएसआय १०१ गेले की ११,७७९. मोहोळहून ३५-४० किलोमीटर, एसटीला महिलांना अर्धं तिकीट, तरी दीड हजार धरा. फोन ३५०. घरी दोनाऐवजी चार हजार द्या, कारण तिथे जेवणार आहात. तरी ५,९०० उरतात. आजच्या पुण्याच्या ४१७ पुढे हा सरळ सामना नाही, आणि सुधारलेल्या पुण्याच्या २,५०० पुढेही नाही. पुणे जिंकतं ते फक्त होम सेशन धरली तर, आणि तीही नियमाने चालवली तर. शिवाय कर्वेनगरची खोली दर वर्षी वाढणार, पास जून २०२५ मध्ये ९०० चा १,५०० झालाच. मोहोळचं घर वाढत नाही.

माझं मत: मेलला फेब्रुवारीअखेर बारा महिन्यांचा आणि नेमणूकपत्राचा होकार लेखी आला तर आणखी दोन वर्षं पुण्यात काढा. ग्रॅच्युइटीची पाच पुरी होतात आणि वेगवेगळ्या थेरपिस्टांबरोबर काम करण्याचा अनुभव तिथे जास्त मिळतो. त्या दोन वर्षांत सीबीएसई शाळांच्या जाहिराती पाहत राहा. मंडळाच्या संलग्नतेच्या नियमांनुसार त्यांना विशेष शिक्षक ठेवावाच लागतो. 'विचार करू' असं उत्तर आलं तर ते नाही समजा, आणि सोलापूरला जा. तिथे गेल्यावर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या जाहिरातींवरही नजर ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या या केंद्रांत विशेष शिक्षकाचं पद असतं. कंत्राटी असलं तरी सहाच्या आतल्या मुलांसाठी सरकारी पैशातून पगार मिळण्याची ती मोजक्या जागांपैकी एक.

पण सोलापूरला हो म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा. १३,५०० हा पगार, की शाळेचा एकूण खर्च? तो एकूण खर्च असेल तर शाळेचा पीएफ-ईएसआयचा वाटाही त्यातूनच जातो आणि हातात ११,७७९ नव्हे, १०,१०० च्या आसपास येतात. आणि शाळा देणगीवर किंवा अनुदानाच्या हप्त्यांवर चालत असेल तर पगार कोणत्या महिन्यात लांबतात, मागच्या वर्षी मे महिन्याचा पगार खात्यात कोणत्या तारखेला आला. हे कार्यालयात विचारू नका. शाळा सुटताना फाटकाशी थांबा आणि तिथे चार वर्षं काढलेल्या एखाद्या शिक्षिकेला विचारा.